चौदा दिवसांचं सुतक

माझे वडील निवडणुकीच्या विरोधात होते. लोकशाहीच्या नव्हे, आमदारकी-खासदारकीचं मतदान त्यांनी आयुष्यात एकदाही चुकवलं नाही, सकाळी सातला धुतलेलं धोतर नेसून रांगेत पहिले उभे असायचे. त्यांना नको असायची ती गावातली निवडणूक. ग्रामपंचायत म्हणजे गावाचं घर आहे, आणि घरात कुणी मतदान घेतं का, असं ते विचारायचे. आमचं गाव अमळनेरपासून बसने तासाभरावर, धुळ्याच्या रस्त्याला लागल्यावर थोडं आत. नाना तिथल्या सोसायटीत गटसचिव होते आणि निवृत्तीनंतर शेती बघायचे. सगळं गाव त्यांना नानाच म्हणायचं, आणि आम्ही मुलंही.

आमच्याकडे गावच्या राजकारणात दोनच क्रियापदं लागतात. अर्ज भरला की माणूस ‘उभा’ राहतो आणि समजूत घालून अर्ज मागे घ्यायला लावला की तो ‘बसतो’. नाना बसवण्यात पटाईत होते. माघारीच्या आदल्या दिवशी मारुतीच्या पारावर बैठक व्हायची, रुसलेल्याच्या घरी नाना स्वतः जायचे, त्याच्या आजोबांच्या गोष्टी काढायचे, आणि परत येताना तो माणूस त्यांच्याबरोबर चालत यायचा. लागोपाठ तीन वेळा आमच्या गावात मतदान झालंच नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. पाच वर्षांनी एकदा मत पडतं, पण भाऊबंदकी पन्नास वर्षं पुरते.

मी धुळ्यात हायस्कूलला नागरिकशास्त्र शिकवतो, तेव्हा या विषयावर नानांना शिकवायचा अधिकार आपल्याला आहे असं मला वाटायचं. मी म्हणायचो की पारावर कोण बसतं ते आधी बघा. तिथे बायका नसतात, खालच्या आळीतले नसतात. बौद्ध वस्तीतल्या माझ्या एका वर्गमित्राने मला एकदा सांगितलं होतं, भाऊ, आम्हाला बसवतात तेव्हा चहा मिळतो, उभं राहू दिलं तर मतं मिळतील. हे मी नानांना जसंच्या तसं ऐकवलं. ते त्याचं खरं आहे म्हणाले. आणि पुढच्या निवडणुकीत त्यालाच बसवायला त्याच्या घरी गेले. असा त्यांचा स्वभाव होता. पटलेलं आणि पाळायचं यांचे त्यांनी दोन वेगळे कप्पे केले होते, आणि मला त्याचा भयंकर राग यायचा.

रोग आला तेव्हा त्यांचं सरकारशी पहिल्या दोन महिन्यांतच बिनसलं. देवळाला कुलूप लागलं ते त्यांनी मान्य केलं. रोज सकाळी जाळीबाहेरून हात जोडून यायचे. पण पुढे दारूची दुकानं उघडली आणि देऊळ बंदच राहिलं, तेव्हा मात्र त्यांचं डोकं फिरलं. त्यांनी मला फोन करून झापलं, जणू दुकानाची किल्ली माझ्या खिशात होती. सरकारी पगार खातो तो सरकारच, अशी त्यांची समजूत. त्या दिवसांत फोन लावला की आधी कुणीतरी खोकायचं आणि मग सूचना सुरू व्हायच्या. नाना म्हणायचे, रोग देवाने दिला असेल, पण हा खोकला सरकारने घरोघरी पोचवला.

तरी ते अडाणी नव्हते, हे मला इथे नीट सांगितलं पाहिजे, कारण नंतर लोकांनी तसंही म्हटलं. गावाच्या वेशीवर बाभळीच्या काट्या टाकून रस्ता अडवला तो त्यांनीच. त्यांच्या आजोबांनी प्लेगात गाव सोडून शेतात झोपड्या घातल्या होत्या, ते त्यांना तोंडपाठ होतं. पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा वाजतगाजत नेऊन शिवेबाहेर सोडायचे, हेही ते मोठ्या भक्तीने सांगायचे. मी म्हणालो, म्हणजे आपला रोग शेजारच्या गावाला पोस्टाने पाठवायचा. ते हसले नाहीत. म्हणाले, त्यांनी त्यांचा गाडा पुढे न्यायचा, त्यात काय.

गावात पहिला रोगी सुरतहून आला. कापडाच्या कारखान्यात कामाला असलेला, बायकोसह परतलेला माणूस. तपासणीत तो पॉझिटिव्ह निघाला, त्रास काही नव्हता, म्हणून घरातच वेगळं राहायला सांगितलं. आरोग्य खात्याच्या आशाताईंनी माइकवरून ‘गृह विलगीकरण’ असा शब्द वापरला. तो कुणाला कळला नाही. पारावरच्या लोकांनी नानांना विचारलं, तेव्हा नानांनी एका वाक्यात उलगडून सांगितलं, की हे चौदा दिवसांचं सुतक समजा. शिवायचं नाही, त्यांच्या घरचं खायचं-प्यायचं नाही, चौदाव्या दिवशी अंघोळ करून घर सारवलं की मोकळे.

मी फोनवर हे ऐकून कपाळावर हात मारून घेतला. पण दोन दिवस ते इतकं उत्तम चाललं की तालुक्याचे डॉक्टरही चकित झाले. सुतक पाळायला आमच्या लोकांना कुणी शिकवावं लागत नाही. घोळ झाला तिसऱ्या दिवशी. आमच्याकडे सुतक असलेल्या घराला शिवत नाहीत हे खरं, पण त्या घराच्या दारावर जातात. ‘दारावर जाणं’ म्हणजे कुणी गेल्यावर भेटायला जाणं. पुरुष बाहेर ओट्यापाशी मुकाट बसतात, बायका आत जाऊन घरच्या बाईच्या गळ्यात पडून रडतात, घटकाभराने सगळे न सांगता उठून जातात. लग्नाला नाही गेलं तर खान्देशात माणूस रुसतो. दारावर नाही गेलं तर तो मेल्यावरही तुमचं तोंड बघत नाही. तर तिसऱ्या दिवशी सकाळी आठ-दहा माणसं खांद्यावर पंचे टाकून सुरतवाल्याच्या दारासमोर मुकाट बसली. त्याची बायको पाणी फेकायला बाहेर आली आणि ती रांग बघून किंचाळली, की अहो ते जिवंत आहेत, आत भाकरी खाताहेत.

ही गोष्ट पुढे तालुक्यात फिरली आणि लोक पोट धरून हसले. मीही शाळेत स्टाफरूममध्ये रंगवून सांगितली. नाना ओशाळले होते, पण शब्द काही त्यांनी मागे घेतला नाही. ते म्हणाले, सुतक म्हटलं म्हणून निदान कुणी आत तरी गेलं नाही. मास्कचंही त्यांचं तसंच होतं. बँकेत घालायचे, एस.टी.त घालायचे, दारावर जाताना मात्र काढून खिशात ठेवायचे. दुःखातल्या माणसाला आपण तोंड दाखवायला जातो, ते झाकून कसं दाखवायचं, असा त्यांचा प्रश्न. मी त्याला शास्त्रीय उत्तर दिलं होतं. ते मला आता आठवत नाही.

थंडी आली, रोग कमी झाला असं सगळे म्हणायला लागले, आणि ग्रामपंचायतीची निवडणूक जाहीर झाली. नाना लगेच कामाला लागले. या वर्षी तर मतदान नकोच, असं त्यांनी पारावर मांडलं. मतं मागायला माणसं घरोघर जाणार, हात धरणार, एका ताटात खाणार. देवाने रोग आवरता घेतला तर आपण तो पुन्हा गावात फिरवायचा का? आयुष्यात पहिल्यांदा नानांचं म्हणणं आणि डॉक्टरांचं म्हणणं एक झालं होतं. मला ते तेव्हाही दिसलं. पण वडील बरोबर असले की मुलाला ते सहन होत नाही, निदान मला तरी झालं नाही.

आमचा वॉर्ड त्या वर्षी महिलांसाठी राखीव झाला होता. माझा धाकटा भाऊ गावात शेती करतो. त्याने आपल्या बायकोचा अर्ज भरला. ती बारावी शिकलेली, हुशार, बचतगट चालवणारी. नानांनी तिला बसायला सांगितलं. धाकट्याने मला फोन केला. मी आठवड्याच्या सुट्टीला गावी गेलो आणि सगळ्यांसमोर, मायसमोर, सुनेसमोर, नानांना म्हणालो की तुम्ही आतापर्यंत लोकांना बसवलंत, आता तुम्ही बसा, तुमचे दिवस गेले.  नानांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, तिच्यावरची धूळ झटकली आणि पुन्हा घातली. आमचा अर्ज राहिला म्हणून समोरच्यांचाही राहिला, आणि वीस वर्षांनी गावात मतदान ठरलं ते आमच्या घरामुळे.

त्यानंतर नानांनी जे केलं ते त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं. घरचं माणूस उभं आहे तर मी बसून राहिलो असं गावाने म्हणायला नको, असं म्हणून ते सुनेच्या मागे दारोदार फिरायला लागले. मास्क खिशात. मतं मागताना तरी तोंड झाकून कसं चालेल? त्याच आठवड्यात समोरच्या पॅनलमधल्या एका घरी म्हातारी वारली. एरवी मयताला वीसच माणसं जमायचा नियम होता, पण निवडणुकीत दारावर कोण आलं आणि कोण नाही आलं हे दोन्हीकडचे बोटांवर मोजत होते. सारं गाव तिथे लोटलं. नाना तर पहिल्या ओळीत होते, आणि त्यात मतांचा भाग नव्हता. म्हातारीने त्यांना लहानपणी मांडीवर खेळवलं होतं.

मतदानाच्या तीन दिवस आधी मी पुन्हा गावी आलो. मला मतदानाची ड्यूटी शेजारच्या तालुक्यात लागली होती, तिच्या प्रशिक्षणाला जाताना घरी एक मुक्काम करावा म्हणून थांबलो. नाना खाटेवर गोधडी घेऊन पडले होते. अंगात कणकण होती, जेवणाला चव नव्हती, आणि बोलताना ते मध्येच थांबून श्वास घेत होते. माझ्या बॅगेत ऑक्सिमीटर होता, धुळ्यात घरोघरच्या सर्वेक्षणाला आम्हा शिक्षकांना दिलेला. मी तो त्यांच्या बोटाला लावला. आकडा एक्याण्णववर आला, नव्वद झाला, पुन्हा एक्याण्णव.

मी दोन महिने लोकांच्या बोटांना ते यंत्र लावत फिरलो होतो. चौऱ्याण्णवच्या खाली आकडा गेला की काय करायचं ते मला झोपेतही सांगता आलं असतं. कित्येक घरांत मी ते दटावून सांगितलं होतं, एका म्हाताऱ्याला तर माझ्या मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं होतं.

धाकटा दारात उभा होता. तो हळू आवाजात म्हणाला की आत्ता तपासणी केली आणि निघाला तर दारावर कागद चिकटवतील, आपल्या घरातलं कुणी बाहेर पडू शकणार नाही, आणि समोरचे गावभर सांगतील की ज्यांनी मतं मागायला हात जोडले त्यांनी रोग वाटला. सारं पॅनल बुडेल. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे, भाऊ. त्याची बायको चुलीपाशी उभी होती. ती म्हणाली, नानांना घेऊन जा, मला नाही निवडून यायचं. तिचं कुणी ऐकलं नाही. ती एकटीच त्या घरात उभी राहण्याच्या लायकीची होती असं मी आज म्हणतो, पण तेव्हा मी तिच्याकडे पाहिलंही नाही.

नानांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी बोट पुढे करून यंत्राचा आकडा स्वतः बघितला. आयुष्य सोसायटीच्या खातेवहीत गेलेला माणूस, त्यांना आकडा कळत होता. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तू शिकेल शे. तूच सांग, काय करानं?”

मी म्हणालो, “सर्दी आहे, नाना. मतदान होऊ दे, मग बघू.”

हे वाक्य मी हजार वेळा उलटंपालटं केलं आहे. मी ते का म्हणालो याची कारणं मला सापडतात आणि ती सगळी खरी आहेत: धाकट्याची भीड, गावात घराची नाचक्की होईल ही भीती, आणि ज्या निवडणुकीसाठी मी बापाला सगळ्यांसमोर बसवलं ती हरायला नको हा हट्ट. पण कारणं सापडून काय उपयोग. नाना “बरं” म्हणाले आणि त्यांनी कूस बदलली. कदाचित त्यांना दुसरं उत्तर हवं होतं. कदाचित त्यांना मी काय सांगतो तेवढंच बघायचं होतं.

मतदानाला ते गेले. मी तिथे नव्हतो. धाकट्याने सांगितलं की शाळेच्या पायऱ्या चढताना ते दोनदा थांबले आणि रांगेतल्या कुणी तरी त्यांना खुर्ची दिली. मी त्या वेळी चाळीस-पन्नास किलोमीटरवर एका वर्गखोलीत लोकांच्या बोटांना शाई लावत होतो. संध्याकाळी यंत्रं जमा करून फोन सुरू केला तेव्हा धाकट्याचे अकरा मिस्ड कॉल होते. त्यांना धुळ्याला हलवलं होतं.

धाकट्याची बायको निवडून आली. निकालाच्या दिवशी आमच्या दारासमोर गुलाल उधळला गेला आणि कुणाला थांबवायचं सुचलं नाही. संध्याकाळी धाकटा दवाखान्याच्या फाटकाशी आला तेव्हा त्याच्या कानामागे गुलाल राहिला होता. मी माझ्या रुमालाने तो पुसला. नाना त्यानंतर तिसऱ्या दिवशी गेले. शेवटचे चार दिवस त्यांना बोलता येत नव्हतं, म्हणून निकाल त्यांना कळला की नाही ते मला माहीत नाही. धुळ्यातच पालिकेच्या माणसांनी अंत्यविधी केला. आम्ही दोघे भाऊ दूर, एका टाकीच्या सावलीत उभे होतो.

माय तोवर गावात घरी होती. तिचीही तपासणी पॉझिटिव्ह आली होती, त्रास फार नव्हता. धाकट्याची मुलं, बायको, सगळ्यांची तपासणी झाली होती आणि दोघांचे अहवाल यायचे होते. मी घरी पोचलो आणि तिला सांगितलं, म्हणजे मला काही सांगावं लागलं नाही. ती मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. तिने विचारलं, तोंड बघायला मिळालं का. मी हो म्हणालो. ते खोटं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव आलं. मी ओट्यावर आलो तर गल्लीच्या टोकापासून माणसं चालत येत होती. दोन्ही पॅनलची. पुढे समोरच्या पॅनलचे म्होरके, ज्यांना सगळे आबा म्हणत, त्यांच्या मागे पंचे घेतलेले पुरुष, आणि पुरुषांच्या मागे डोक्यावर पदर घेतलेल्या बायका. पन्नास तरी असतील. कुणाच्याही तोंडाला काही नव्हतं. ज्या माणसाने चाळीस वर्षं प्रत्येकाच्या दारावर तोंड उघडं ठेवून हजेरी लावली, त्याच्या दारावर ती माणसं तशीच आली होती. आतून मायने पावलं ऐकली होती. तिची बांगडी वाजली, ती उठत होती.

मी ओट्याच्या पहिल्या पायरीवर आडवा उभा राहिलो. मास्क नीट केला आणि सांगितलं की घरात रोग आहे, कुणीही पुढे येऊ नका, आत तर मुळीच नाही, कृपा करून परत जा. शाळेत मुलांना सांगतो त्या आवाजात सांगितलं. मला दुसरा आवाज सापडला नाही.

आबा म्हणाले की आम्ही लांब बसतो, कडुलिंबाखाली, बायका तेवढ्या आत जातील. मी नाही म्हणालो. मागून कुणीतरी म्हणालं की नानाच सांगून गेले, सुतक समजा, आणि सुतकात दारावर यायचंच असतं. मी पुन्हा नाही म्हणालो. मग आबा माझ्याकडे बघत राहिले. पंचाहत्तरीचा माणूस, नानांनी त्यांना दोनदा बसवलं होतं आणि दोन्ही वेळा ते नानांच्या शब्दाखातर बसले होते.

“मते मांगाले आम्हना दारवर उनात,” ते म्हणाले, “तवय रोग कोठे गयता?”

मला उत्तर येत होतं. रोग तेव्हाही होता, माझ्या बॅगेतल्या यंत्राने मला तो दाखवला होता. ते न बोलता मी वळलो, आत गेलो आणि दार लावून घेतलं. मायचा हात उंबऱ्यापर्यंत आला होता. बाहेर बराच वेळ कुणी हललं नाही. मग पावलं परत गेली.

मी केलं ते बरोबर होतं. नागरिकशास्त्राच्या आणि आरोग्यशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात ते बरोबरच निघेल, आणि त्या पन्नासातल्या काही जणांना मी कदाचित वाचवलंही असेल. पण ते बरोबर वागणं मला दहा-बारा दिवस आधी सुचायला हवं होतं, तेव्हा एकाच माणसाला अडवायचं होतं. आता मी वरातीमागून घोडं नाचवलं आणि गावाने ते बघितलं. उन्हाळ्यात पुढची लाट आली, गावात दर आठवड्याला कुणी ना कुणी गेलं आणि कुणीच कुणाच्या दारावर गेलं नाही. तरी लोक आमचं वेगळं मोजतात. बाकीच्यांच्या दारावर रोगाने जाऊ दिलं नाही. नानांच्या दारावरून पोराने परत पाठवलं.

मायला मी एका दुपारी ऑक्सिमीटरचा आकडा सांगितला. वाटलं, ती शिव्या देईल, कपाळ बडवून घेईल, काहीतरी होईल. ती दादर ज्वारी निवडत होती. हात थांबला नाही तिचा. ती रडलीच नव्हती, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. आमच्याकडे बाई एकटी रडत नाही. कुणी यावं लागतं, गळ्यात पडावं लागतं, पहिला हुंदका आलेल्या बाईने काढायचा असतो, मग घरच्या बाईचा बांध फुटतो. ज्या बायकांच्या गळ्यात पडून ती रडली असती त्या डोक्यावर पदर घेऊन गल्लीतून परत गेल्या होत्या. नंतर निर्बंध उठले, सगळं सुरू झालं, तरी जुन्या मयताच्या दारावर कुणी नव्याने येत नाही, आणि मायही कुणाच्या दारावर गेली नाही. धाकट्याच्या बायकोने एकदा आग्रह केला तेव्हा ती एवढंच म्हणाली, “काय तोंड लिसन जाऊ मी?”

अशी पाच वर्षं गेली.

गेल्या थंडीत जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचं वारं सुटलं. मी सुट्टीला गावी होतो. सकाळी दहाच्या सुमाराला गल्लीत घोषणा ऐकू आल्या आणि आमच्या दारासमोर बायकांचा घोळका थांबला. गटातल्या दुसऱ्या कुठल्या तरी गावची उमेदवार होती, पस्तिशीची, गळ्यात पक्षाचं उपरणं, डोक्यावर पदर. आम्हाला ती ओळखत नव्हती आणि नाना तिने कधी पाहिले नव्हते. माय ओट्यावर उन्हात बसली होती. ती बाई पायऱ्या चढून वर आली, हात जोडले, आणि पाया पडायला खाली वाकली.

मायने तिला पुन्हा सरळ होऊ दिलं नाही. दोन्ही हातांनी तिच्या गळ्याला मिठी मारली आणि हंबरडा फोडला.

“येवाले कितला उशीर करा वं माय,” ती म्हणत होती, “कितला उशीर करा.” मग नानांचं नाव न घेता, हेल काढून, त्यांचं सगळं सांगायला लागली: कसे पायऱ्या चढले, कसं पाणीसुद्धा मागितलं नाही, कसं तोंड बघायला मिळालं नाही कुणाला. म्हणजे मी खोटं बोललो ते तिला पहिल्यापासून माहीत होतं. मी दारातच उभा होतो. ती बाई भली होती. तिला काही कळलं नव्हतं, तरी ती ओट्यावर मायजवळ बसली, मायचं डोकं खांद्यावर घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. तिचेही डोळे भरून आले. तिच्याबरोबरच्या बायका गप्प झाल्या आणि खाली जमिनीवर बसल्या, एकेक करून, जशा बसतात तशा.

त्यांच्यातल्या कुणीतरी फोटो काढला. संध्याकाळी तो गटाच्या व्हॉट्सअॅपवर आला. खाली लिहिलं होतं, ‘माउलीचा आशीर्वाद, विजय निश्चित’. धाकटा भडकला, फोन लावून तो काढायला लावतो म्हणाला. मी त्याला राहू दे म्हटलं. मी तो फोटो माझ्या फोनमध्ये जपून ठेवला आहे. नाना गेल्याचा तेवढा एकच फोटो आमच्या घरात आहे.